मोजकेच खाणारे मूल आणि हॉटेलातला बुफे: सहलीत जेवण पार पाडण्याची पद्धत

सुट्टीच्या हंगामात गोव्यातल्या कोणत्याही मोठ्या हॉटेलात सकाळी नऊच्या सुमारास अनेक टेबलांवर एकच प्रकार सुरू असतो. आई किंवा बाबा मोठ्या ताटात इडली, पराठा, पास्ता, बटाटावडा, केक आणि कलिंगडाच्या फोडी असे सगळे थोडे थोडे भरून आणतात, ते मुलापुढे ठेवतात, मूल तोंड फिरवते, आणि पुढचा पाऊण तास आर्जवे, दटावणी व शेवटी चॉकलेट डोनट या क्रमाने निघून जातो. दोष बहुधा पदार्थांवर किंवा मुलाच्या हट्टावर ढकलला जातो. प्रत्यक्षात चुकलेला असतो तो कामांचा क्रम. ताट सर्वांत आधी भरले जाते आणि चौकशी करणे, चव पाहणे, मुलाला विचारणे ही कामे त्यानंतर होतात. बुफेमध्ये हा क्रम उलटा करावा लागतो आणि त्यातली बरीच कामे तर घर सोडण्यापूर्वीची आहेत.

पुढील टप्पे साधारण अडीच ते नऊ वर्षांच्या, एरवी निरोगी पण मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलांसाठी आहेत. दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थ नाकारणे हे बहुसंख्य मुलांमध्ये कमीअधिक प्रमाणात दिसते. मात्र ज्या मुलाचे वजन वाढत नाही, ज्याला घास गिळताना वारंवार उमासे येतात किंवा ज्याच्या आहारातले पदार्थ महिन्यागणिक कमी होत चालले आहेत, त्याच्यासाठी सहलीपूर्वी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

टप्पा १: खोली आरक्षित करताना जेवणाची योजना निवडणे

हॉटेलांच्या दरपत्रकात चार संक्षेप दिसतात. ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि दुपार-रात्रीपैकी एक जेवण, आणि एपी म्हणजे तिन्ही वेळचे खाणे. मोजकेच खाणाऱ्या मुलासोबत गोव्यासारख्या ठिकाणी सीपी निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नाश्त्याच्या बुफेत टोस्ट, अंडी, इडली, दूध, केळे असे सौम्य पदार्थ हमखास असतात; रात्रीच्या बुफेत मात्र मसाल्याच्या भाज्या आणि रस्से यांचीच गर्दी असते. रात्रीचे जेवण मोकळे ठेवले की जवळच्या एखाद्या उपाहारगृहात साधा डाळभात मागवता येतो आणि आधीच भरलेले पैसे वसूल करण्याचा ताण डोक्यावर राहत नाही. एपी घ्यावी ती जिथे आसपास दुसरी सोयच नसते अशा ठिकाणी, उदाहरणार्थ ताडोबाच्या प्रवेशद्वारांजवळच्या रिसॉर्टमध्ये.

आरक्षणापूर्वी फोन करून पुढील गोष्टी विचाराव्यात. मुलाच्या कोणत्या वयापर्यंत बुफेचे पैसे लागत नाहीत आणि त्यानंतर किती लागतात, हा नियम प्रत्येक हॉटेलात वेगळा असतो. पाच-सहा वर्षांपर्यंत मोफत आणि बारापर्यंत कमी दर अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आढळते, पण ती गृहीत धरू नये. रात्रीचा बुफे किती वाजता उघडतो, हे विचारावे. साडेआठला उघडणारा बुफे चार वर्षांच्या मुलाच्या उपयोगाचा नाही. बुफे सुरू असताना स्वयंपाकघरातून खिचडी किंवा दहीभात वेगळा करून मिळतो का आणि त्याचे निराळे पैसे पडतात का, हेही विचारावे. सांगितलेल्या दरात कर धरला आहे की नाही, तेही स्पष्ट करून घ्यावे. साध्या उपाहारगृहात ५ टक्के जीएसटी लागतो. खोलीचे दर दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलांतल्या उपाहारगृहांत तो १८ टक्के असतो, आणि चार माणसांच्या जेवणावर हा फरक जाणवण्याइतका होतो.

तपासा: ज्या दिवसांसाठी आरक्षण आहे त्या दिवसांत बुफे खरोखर लागणार आहे का? पावसाळ्यात किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी खोल्या कमी भरल्या असतील, तर अनेक हॉटेले बुफेऐवजी ठरावीक पदार्थांचे ताट देतात. अशा वेळी निवडीला वाव राहत नाही, पण मुलासाठी वेगळे काही करून देण्यास आचाऱ्याला सवड असते. ही माहिती आधी असली की तयारी तशी करता येते.

टप्पा २: निघण्यापूर्वीचे दोन आठवडे

प्रथम मूल खरोखर काय खाते याची लेखी यादी करावी आणि ती पदार्थांच्या नावांवर थांबवू नये. केवळ 'भात खातो' असे लिहिले तर हॉटेलात त्याचा उपयोग होत नाही, कारण घरचा मऊ, आसट भात खाणारे मूल मोकळ्या शिताच्या बासमतीला भात मानेलच असे नाही. 'वरण' लिहिताना ते बिनफोडणीचे, हिंग-हळदीचे, तूप घातलेले वरण आहे हे लिहावे, कारण बुफेमधली डाळ बहुधा कांदा-टोमॅटो व लाल मिरचीच्या फोडणीची आणि घट्ट असते. दही घरचे की बाहेरचे, पोळी मऊ की कडक, अंडे उकडलेले की आम्लेट, टोस्टच्या कडा काढलेल्या की नाही, हे सगळे नोंदवावे.

मग या यादीतून बुफेत जवळपास सर्वत्र मिळणारे चार पदार्थ निवडावेत: बहुतेक घरांत ते साधा भात, दही, डाळ, इडली, लोणी लावलेला टोस्ट, केळे किंवा उकडलेले अंडे यांपैकीच निघतात. पुढील दोन आठवड्यांत हेच चार पदार्थ मुलाला परक्या रूपात भेटवावेत. भात कधी मोकळा शिजवावा, दही विकतचे आणावे, इडली जवळच्या उडप्याकडे बसून खावी, डाळीला एकदा हलकी फोडणी द्यावी. नवे पदार्थ शिकवण्याची ही वेळ नाही. ओळखीचाच पदार्थ थोडा निराळा दिसला तरी चालतो, एवढेच मुलाच्या अंगवळणी पाडायचे आहे.

याच काळात दोन-तीन वेळा घरच्या जेवणात पातेली टेबलावर मांडून, प्रत्येकात वाढण्याचा चमचा ठेवून, मुलाला स्वतःच्या हाताने वाढून घेऊ द्यावे. एका पातेल्यातला चमचा दुसऱ्यात घालायचा नाही, घेतलेले परत टाकायचे नाही, आणि आधी एकच चमचा घ्यायचा, हे तीन नियम घरीच शिकवावेत. ते हॉटेलच्या गजबजाटात शिकवता येत नाहीत.

सोबतच्या पिशवीत घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यांतून तूप, मेतकूट, गोड लिंबाचे लोणचे, खाकरे, राजगिऱ्याच्या वड्या आणि मुलाचा रोजचा चमचा घ्यावा. यांतले मेतकूट सर्वांत कामाचे आहे. हॉटेलचा कोणताही साधा भात थोडे गरम पाणी घालून चमच्याने मोडला आणि त्यावर तूप-मेतकूट घातले की घरच्या चवीचा निम्मा रस्ता पार होतो. काही हॉटेले बाहेरचे खाणे आणू देत नाहीत. मुलासाठी आणलेल्या छोट्या डबीला सहसा कोणी हरकत घेत नाही, तरी पहिल्या दिवशी कॅप्टनला, म्हणजे वाढप्यांच्या प्रमुखाला, सांगून ठेवणे सभ्यपणाचे ठरते.

सावधान: आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात तूप, लोणचे, दही हे पातळ पदार्थांतच मोजले जातात आणि हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली किंवा डबी चालत नाही. ते चेक-इन सामानात टाकावे आणि ज्या देशात जायचे आहे तेथे दुधाचे पदार्थ नेण्याचे नियम आधी वाचावेत.

टप्पा ३: वेळ आणि भूक यांची जुळवणी

बुफेतल्या अपयशाचे सर्वांत साधे कारण हे असते की मुलाला भूक नसते, किंवा ती दोन तासांपूर्वी लागून मरून गेलेली असते. जलतरण तलावाच्या काठी चार वाजता खाल्लेले फ्राइज आणि पाठोपाठचा फळांचा रस रात्रीचे जेवण संपवून टाकतात. याउलट, समुद्रात खेळून दमलेल्या मुलाला काहीच न देता आठपर्यंत थांबवले, तर ते जेवणाच्या दालनात पोहोचते तेच रडत किंवा पेंगत. साडेपाच-सहाच्या सुमारास एक केळे किंवा एक खाकरा द्यावा, त्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नये आणि बुफे उघडताच आत जावे.

उघडण्याच्या वेळी जाण्याचे आणखी दोन लाभ आहेत. अन्न नुकतेच येऊन मांडलेले असते, आणि डोसा, आम्लेट किंवा पास्ता करून देणाऱ्या आचाऱ्यापुढे रांग नसल्याने तो आपले म्हणणे नीट ऐकून घेतो. नाश्ता बहुतेक ठिकाणी साडेसातच्या आसपास सुरू होतो आणि नऊ ते दहा ही खऱ्या गर्दीची वेळ असते. 'सुट्टी आहे, उशिरा उठू' हा विचार मोठ्यांना सुखाचा वाटला, तरी शेवटच्या अर्ध्या तासात उरलेल्या वाळक्या इडल्या आणि गार आम्लेट मुलाने खावे ही अपेक्षा फारशी न्याय्य नाही.

टप्पा ४: रिकाम्या हाताने पहिली फेरी

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे आणि तोच सर्वाधिक वगळला जातो. प्रथम टेबल निवडावे: भिंतीकडेचे, मांडणीपासून फार दूर नसलेले, पण गोड पदार्थांच्या काउंटरकडे मुलाची पाठ होईल असे. एका मोठ्या माणसाने मुलाजवळ बसावे आणि दुसऱ्याने ताट न घेता पूर्ण फेरी मारावी. हातात ताट असले की ते भरण्याचा मोह होतो, म्हणून ते खरोखरच घेऊ नये.

या फेरीत प्रत्येक झाकण उघडून पाहावे, नावाच्या पाट्या वाचाव्यात आणि जे मुलाला द्यावेसे वाटते ते स्वतः छोट्या बशीत चमचाभर घेऊन चाखावे. नावावर विसंबू नये. 'व्हेज स्ट्यू' काही ठिकाणी दुधासारखा सौम्य असतो आणि काही ठिकाणी त्यात हिरव्या मिरचीचे तुकडे तरंगत असतात. जैन काउंटरवरचे अन्न कमी तिखट असते हा एक पक्का गैरसमज आहे. त्यात कांदा, लसूण, बटाटा नसतो. मिरची भरपूर असू शकते.

गोव्याच्या बुफेविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तेथील मांडणी वरवर पाहता ओळखीची वाटते. शाकुती, विंदालू, काफ्रेआल आणि रेशाद मसाला लावलेले मासे ही चारही तिखट असल्याने मोजकेच खाणाऱ्या मुलासाठी बाद समजावीत. काल्दीन हा नारळाच्या दुधातला पिवळा रस्सा मात्र बहुधा सौम्य असतो; भातावर चमचाभर देऊन पाहण्याजोगा तो एकच गोवेकर रस्सा आहे. रवा लावून तळलेली सुरमई अनेक मुलांना आवडते, पण काटे आपण काढूनच द्यावेत. सोलकढीत हिरवी मिरची व लसूण असू शकतो, त्यामुळे तिचा गुलाबी रंग पाहून पेला भरून देऊ नये. उकड्या तांदळाचा जाड, तांबूस भात पाहून मूल 'हा भात नाही' असे ठामपणे सांगण्याची शक्यता आहे. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा पांढरा भात मागून घ्यावा. पाव मात्र गोव्यात उत्तम मिळतो आणि गरम पावाला लोणी लावून दिले तर कित्येक जेवणे निभावतात. गोडाच्या काउंटरवरच्या बेबिंका या थराथरांच्या गोवेकर मिठाईत अंडी असतात, हे शाकाहारी कुटुंबांनी आणि अंड्याची अॅलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांनी लक्षात ठेवावे.

मांडलेल्या पदार्थांपलीकडे काय मिळू शकते, हेही याच फेरीत विचारावे. आम्लेट करणाऱ्याला 'तिखट नको' असे मोघम न सांगता 'कांदा, मिरची, कोथिंबीर, मिरपूड काहीच नको. फक्त मीठ' असे मोजून सांगावे. डोसेवाल्याकडून साधा, मऊ, छोटा डोसा बिनाचटणीचा घ्यावा. रात्री मांडणीत जिरा राइस किंवा पुलावच असला, तर साधा भात स्वयंपाकघरात असतोच. तो कॅप्टनकडे मागावा. वेगळा पदार्थ हवा असेल तर तोही आत्ताच सांगावा. तो येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे सहज जातात, आणि मूल रडू लागल्यावर सांगितलेली खिचडी ते पूर्ण बिथरल्यानंतरच टेबलावर पोहोचते.

तपासा: झाकणाखालच्या गरम पदार्थातून वाफ येते आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार गरम अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली असावे, आणि शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक राहू नये. हातात तापमापक नसला तरी कोमट पनीर, बर्फ वितळलेल्या भांड्यातले सॅलड, घामेजलेले मेयॉनीज आणि दमट हवेत तासभर उघडी राहिलेली ओल्या खोबऱ्याची चटणी ओळखता येते. मोड आलेली कच्ची कडधान्येही लहान मुलाला बाहेर देऊ नयेत. कापलेल्या फळांपेक्षा आपण सोललेले केळे किंवा संत्रे केव्हाही बरे.

सावधान: अॅलर्जी असलेल्या मुलासाठी बुफेची मांडणी सुरक्षित मानू नये. एकाच चिमट्याने काजूची कतली आणि केक उचलला जातो, एकाच तेलात कोळंबी आणि फ्राइज तळले जातात. अशा मुलाचे ताट, मुख्य आचाऱ्याशी प्रत्यक्ष बोलून, स्वयंपाकघरातूनच मागवावे आणि डॉक्टरांनी दिलेले औषध खोलीत न ठेवता सोबत बाळगावे.

टप्पा ५: मुलाची फेरी आणि पहिले ताट

आता मुलाला उठवावे, पण सबंध मांडणी फिरवून 'तुला काय हवे ते सांग' असे म्हणू नये. इतक्या पदार्थांपुढे उभे राहून निवड करणे मोठ्यांनाही जमत नाही. मूल एक तर गोंधळून 'काहीच नको' म्हणते किंवा सरळ जिलेबीकडे बोट दाखवते. आपण हेरून ठेवलेल्या दोन-तीन ठिकाणीच त्याला न्यावे आणि 'टोस्ट की इडली?' इतका नेमका प्रश्न विचारावा. गरम भांड्यांच्या कडा आणि झाकणाखालची वाफ नेमकी मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येते, म्हणून झाकण आपण उघडावे आणि मुलाला हाताशी धरून उभे करावे.

ताट भरताना पुढील क्रम पाळावा.

१. पोट भरणारा एक ओळखीचा पदार्थ घ्यावा, तोही नेहमीपेक्षा निम्म्या प्रमाणात.
२. त्यासोबत दही, दूध, अंडे किंवा साधी डाळ यांपैकी मूल घरी खाते ते एक.
३. एक नवा पदार्थ, मुलाने स्वतः निवडलेला, एका वेगळ्या वाटीत, घासभर.

तिन्ही गोष्टी एकमेकींना लागता कामा नयेत. भाताला रस्सा लागला म्हणून सगळा भात नाकारणारी मुले पुष्कळ असतात; त्यांच्याशी तर्क करण्यापेक्षा तीन वाट्या घेणे सोपे. प्रमाण कमी ठेवण्याचेही कारण आहे: भरलेले ताट पाहून असे मूल आधीच हार मानते, आणि बुफेत दुसऱ्यांदा वाढून आणण्यास काहीच पडत नाही. नव्या पदार्थाचा घास खाल्ला गेला नाही तरी तो वाया गेला असे समजू नये. एखादा पदार्थ मूल स्वीकारण्यापूर्वी तो आठ ते पंधरा वेळा समोर यावा लागतो, असे बालआहारतज्ज्ञ सांगतात, आणि नुसते पाहणे, हुंगणे, बोट लावणे हेही त्यात जमेस धरले जाते.

सावधान: पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खी द्राक्षे, चेरी टोमॅटो, शेंगदाणे, काजू, पॉपकॉर्न किंवा सॉसेजच्या गोल चकत्या देऊ नयेत, त्या श्वासनलिकेत अडकू शकतात. द्राक्षे उभी चिरून चार तुकडे करावेत. आणि ताट घेऊन धावणाऱ्या मुलाला आधी बसवावे, मगच घास द्यावा.

टप्पा ६: टेबलावर

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली जबाबदारीची विभागणी बुफेत फार उपयोगी पडते: काय, केव्हा आणि कोठे खायचे हे पालकांनी ठरवायचे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. आपण आपले काम आधीच्या पाच टप्प्यांत केलेले आहे. आता बोलणे कमी करावे. 'खा ना, एकच घास, बघ तो दादा कसा खातोय' ही वाक्ये दर अर्ध्या मिनिटाला कानावर पडू लागली की मुलाचे सगळे लक्ष घासावरून उडून आपल्याशी चाललेल्या झुंजीकडे वळते.

सहलीत आजी-आजोबा असतील तर हा विषय न्याहारीच्या टेबलावर न काढता आदल्या रात्री खोलीतच बोलून घ्यावा. 'हा घास काऊचा, हा घास चिऊचा' ही रीत घरी दीड वर्षाच्या बाळासाठी गोड आहे. भरलेल्या दालनात पाच वर्षांच्या नातवापुढे ती केल्याने तो लाजून ओठ अधिकच घट्ट मिटतो. आजीला एक वेगळे काम द्यावे: तिने नातवाशेजारी बसून, तोच नवा पदार्थ स्वतः आवडीने, काही न बोलता खावा. याचा परिणाम आग्रहापेक्षा चांगला होतो. मोबाइल मात्र कोणाच्याच हाती देऊ नये. पडद्याकडे पाहत गिळलेल्या घासांनी मूल टेबलावर रुळत नाही.

मोठ्यांनी आळीपाळीने, पण मुलाच्या सोबतीने खावे. मुलाचे आधी आटोपून मग निवांत जेवू, या बेतात मूल एकटे खाते, आपले जेवण गार होते, आणि तोवर मुलाचे खेळणे सुरू झालेले असते.

गोडाचा प्रश्न येथेच सोडवावा लागतो. आत शिरण्यापूर्वीच सांगावे की शेवटी एक गोड पदार्थ, छोट्या वाटीत, मिळेल. ते गोड जेवण संपवण्याचे बक्षीस म्हणून जाहीर करू नये आणि कमी खाल्ले म्हणून काढूनही घेऊ नये. 'भाजी संपवलीस तर आईस्क्रीम' या सौद्यात भाजी शिक्षा ठरते, आईस्क्रीमचे मोल वाढते, आणि पुढच्या जेवणाला सौदा दोन गोळ्यांपासून सुरू होतो. बुफेत आईस्क्रीम समोर दिसतच असल्याने हा मोह घरापेक्षा अधिक असतो, आणि म्हणूनच आधी ठरवलेले प्रमाण शांतपणे पाळणे आवश्यक आहे. चॉकलेटचे कारंजे असलेच तर तिकडे न गेलेले बरे. तेथे अनेक मुलांची बोटे बुडून गेलेली असतात.

पंचवीस-तीस मिनिटांनी जेवण संपल्याचे सांगून उठावे. मुलाने काही खाल्ले नसेल तरीही उठावे.

टप्पा ७: काहीच खाल्ले नाही तर

या वेळी दोन चुका होतात. पहिली, मुलासाठी एकामागून एक चार पदार्थ मागवणे. नकार दिला की नवा पदार्थ येतो, हे मूल एका जेवणात शिकते. आधी सांगून ठेवलेला एकच पर्यायी पदार्थ असावा: दहीभात, बिनफोडणीची मूगडाळीची खिचडी किंवा तूप-साखर लावलेली पोळी. पोळी नसेल तर तंदुरी रोटीऐवजी साधा फुलका मागावा, कारण तंदुरी रोटी थंड झाली की चिवट होते. दुसरी चूक म्हणजे खोलीवर परतताच काळजीपोटी वेफर्सचे पाकीट उघडणे. त्याऐवजी दीड-दोन तासांनी दूध, केळे किंवा राजगिऱ्याची वडी असे ठरलेले छोटे खाणे द्यावे.

निरोगी मुलाचे एका दिवसाचे खाणे कमी झाल्याने बिघडत नाही. पाणी कमी पडल्याने बिघडते, विशेषतः गोव्याच्या उन्हात. मूल खेळते आहे आणि नेहमीप्रमाणे लघवीला जाते आहे, एवढे पाहावे. सहा-आठ तास लघवी झाली नाही, मूल मलूल झाले, किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर तो नखऱ्याचा विषय राहत नाही. ओआरएस द्यावे आणि डॉक्टरांकडे जावे. ओआरएसची पाकिटे सामानात असावीत आणि ती पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच, उकळून गार केलेल्या किंवा सीलबंद बाटलीच्या पाण्यात कालवावीत.

टप्पा ८: दुसऱ्या दिवसापासून

शक्यतो तेच टेबल, तीच वेळ आणि पहिला यशस्वी पदार्थ पुन्हा घ्यावा. 'काल पण इडलीच खाल्लीस, आज काहीतरी वेगळे खा' हे मोठ्यांच्या हौसेचे बोलणे आहे. मुलाने चार सकाळी इडलीच खाल्ली तर खाऊ द्यावी; नव्या पदार्थाची घासभर वाटी रोज बदलत राहावी. नाश्ता हेच दिवसाचे मुख्य जेवण धरावे आणि रात्रीच्या मांडणीत काय असेल हे सकाळीच कॅप्टनला विचारावे, म्हणजे नुसतेच मसालेदार बेत असतील त्या दिवशी बाहेर जेवण्याचे ठरवता येते. टेबलावरचे उरलेले अन्न खोलीत नेण्यास बहुतेक हॉटेले परवानगी देत नाहीत आणि काही ठिकाणी ताटात टाकलेल्या अन्नाचे पैसेही आकारले जातात; दाराजवळची पाटी वाचावी.

परदेशी बुफेत हीच पद्धत चालते, फक्त चौकशी बदलते. थायलंडमध्ये भाज्यांच्या साध्या दिसणाऱ्या पदार्थातही माशांचे सॉस असते आणि बालीच्या नासी गोरेंग या परतलेल्या भातात कोळंबीची आंबवलेली पेस्ट. शाकाहारी मुलासाठी किंवा सागरी अन्नाची अॅलर्जी असलेल्या मुलासाठी वाफवलेला पांढरा भातच मागावा. युरोपातल्या लहान हॉटेलांत नाश्ता बराचसा थंड असतो: ब्रेड, चीज, दही, उकडलेली अंडी, दुधात घालायची धान्ये. तेथील फळांच्या चवीचे दही गोड असते, तेव्हा भातावर घेण्यापूर्वी डब्यावरचे नाव वाचावे. गरम भाताची सोय नसेल त्या मुक्कामांसाठी मेतकुटाऐवजी खाकरे अधिक बांधावेत.

पहाटेचे विमान किंवा सफारी असेल, तर नाश्त्याऐवजी बांधून मिळणाऱ्या पाकिटाची सूचना आदल्या रात्री स्वागतकक्षाला द्यावी. त्यात साधारणपणे चटणी-काकडीचे सँडविच, केक, फळ आणि रसाचा डबा असतो; मुलाच्या पाकिटात नुसता लोणी लावलेला ब्रेड, उकडलेले अंडे आणि केळे घालण्यास सांगावे, आणि निघताना ते पाकीट गाडीत ठेवण्यापूर्वी उघडून पाहावे.